सगुणाचे आश्वासन

पाणी येण्याच्या वेळेला सगुणा जिन्याखालच्या टाकीचे झाकण सरकवून उभी राहत असे. आधी पाइपात हवा खोकल्यासारखी वाजे, मग गढूळ पाण्याची एक उचकी बाहेर पडे, आणि धार स्थिर झाली की ती मोटारीचे बटण दाबी. वरचे सगळे मजले भाडेकरूंचे होते. तुर्भ्याच्या कारखान्यांत पाळीवर जाणारी माणसे, त्यांना सकाळी पाणी कमी पडून चालत नसे. मोटार सुरू झाली की ती उंबरा पुसून घेई, तुळशीला तांब्याभर पाणी घाली आणि स्वयंपाकघरात येऊन आधण ठेवी. पाण्यात मीठ, पाण्याला उकळी, उकळीत तांदळाचे पीठ, वर झाकण. पीठ मुरेपर्यंत तिचा नवरा शिवा ओटीवर वर्तमानपत्र पसरून बसलेला असे आणि कोपरखैरण्याच्या त्या गल्लीतून जाणाऱ्या प्रत्येकाला काही ना काही बोले. त्या दिवशीही हे सगळे नेमके असेच झाले. उकड परातीत काढून, गार पाण्यात बोटे बुडवून ती मळायला बसली होती तेव्हा मोबाइल वाजला. तिचे हात पिठात होते म्हणून शिवाने तो उचलला आणि स्पीकरवर टाकून परातीशेजारी ठेवला.

"काकू, गीतांजली बोलतेय. जरा बसता का?" ही त्यांची वकील. खारघरला राहणारी, मूळची साताऱ्याकडची. दोन वर्षांपासून त्यांच्या लेकीची, सुचिताची, केस तीच पाहत होती. "बसलेलीच हाय गो," सगुणा म्हणाली. "तिकडच्या कोर्टाने निशांतला आपल्या ताब्यात द्यायचं मान्य केलंय. पण एक अट आहे. त्याला फाशी होणार नाही, असं आपल्या सरकारने लिहून द्यायचं." शिवा फोनवर वाकला. "म्हंजे? मंग आनायचा कशाला त्याला?" "काका, त्या देशात फाशी नाहीये. जिथे फाशी होऊ शकते अशा देशाला ते माणूसच देत नाहीत. त्यांची वकिलात गेलं वर्षभर दिल्लीला हेच सांगतेय. दिल्ली हमी द्यायला तयार आहे. हमी दिली नाही तर ते त्याला सोडून देतील." "सोडतील? कुठं?" "तिथेच. मोकळा." शिवा एक शिवी देऊन उठला आणि ओटीवर गेला. सगुणाच्या लक्षात आले की आपण अजून मळतो आहोत, हात भाजतो आहे, आणि आपल्याला पाण्यात बोटे बुडवण्याची आठवण झालेली नाही.

दिवसभर ती घरात वावरत राहिली. मात्र कुणी पाण्याखालून बोलावे तसे सगळे आवाज तिला दुरून येत होते. त्या देशाचे नाव तिच्या जिभेवर कधी बसले नव्हते. टीव्हीवर एकदा त्याचे चित्र दिसले होते: पांढरे मैदान, पांढरी छपरे. तेव्हापासून तिच्या मनात तो देश म्हणजे एक अफाट मिठागर होते. लहानपणी आईचे बोट धरून ती मिठागरावर जाई. दुपारच्या उन्हात मिठाच्या राशी डोळ्यांत घुसत आणि थोड्या वेळाने माणसे दिसेनाशी होत, फक्त त्यांचे आवाज उरत. त्या तसल्या उजेडातून निशांत चालत होता, कोट घालून, सावकाश, आणि त्याच्या मागे पाऊल उमटत नव्हते. त्या पांढऱ्या देशातली कुणी शहाणी, वयस्क माणसे एका टेबलाभोवती बसून त्याच्या मानेविषयी बोलत होती. ती मान सगुणाला ठाऊक होती. हळदीच्या दिवशी, हॉलमध्ये दोन्हीकडची हळद एकत्र झाली तेव्हा, तिनेच त्या मानेला हळद चोळली होती. कानामागून खाली येताना अंगठ्याला एक शीर लागली होती, पाखरासारखी उडणारी. "घाबरलाव का जावईबापू?" तिने विचारले होते आणि तो हसून म्हणाला होता, "गुदगुल्या होतायत आई." अंगठा ही गोष्ट विसरायला तयार नव्हता. ती भांडी घासताना, पदराला हात पुसताना, अंगठ्याखाली ती शीर उडत राहिली, आणि एक सबंध देश आपल्या अंगठ्याशेजारी अंगठा ठेवून तीच शीर चाचपतो आहे असे तिला वाटत राहिले.

सगुणा धवलारीण होती. गावात कुणाचेही लग्न निघाले की देवांना मांडवात बोलावण्यापासून मुलीच्या पाठवणीपर्यंतचे धवले, म्हणजे लग्नातली गाणी, तिच्या गळ्यातून निघत. भटजी मागाहून येई, त्याची घाई निराळी असे. तिची सासू धवलारीण होती, तिने सुनेला गळा आणि शब्द दोन्ही दिले. सगुणाने बांधलेली गाठ सुटत नाही, असे गावात बायका म्हणत. सुचिताचे धवलेही तिनेच म्हटले होते. "आये, तू रडशील आनि सूर जाईल," सुचिता म्हणाली होती. सूर गेला नव्हता. लग्नाला वर्ष व्हायच्या आत खारघरच्या त्या अकराव्या मजल्यावरच्या घरात भांडण झाले, निशांतने तिला ढकलले, ओट्याची कड तिच्या डोक्याला लागली. आणि मग त्याने दार ओढून घेतले, बाहेरून कुलूप लावले आणि तो विमानतळावर गेला. डॉक्टर म्हणाले, ती संध्याकाळपर्यंत जिवंत असावी. दुपारी सगुणाने तिला फोन केला होता, बोंबलाच्या चटणीत चिंच घालू की कोकम, एवढेच विचारायला. शेजारणीने नंतर सांगितले की बंद दारामागे फोन पुष्कळ वेळ वाजत होता. सगुणाच्या मनात ढकलण्याचा क्षण कधीच नीट उभा राहत नसे. राग, हात, कड: हे सगळे एखाद्या धक्क्यासारखे होऊन जाई. पण ते दार मात्र तिला दिसे. त्याने मागे वळून पाहिले असेल का, किल्ली फिरवताना हात थांबला असेल का, आत ती कण्हत होती तर ते त्याला ऐकू आले असेल का. रोज, कुठल्याही कामात, ते दार एकदा बंद होई.

बाराव्यानंतर गावकी गावदेवीच्या देवळात जमली होती. गावकीचा पुढारी धर्मराज, जो पूर्वी भाताचा खंड वसूल करी आणि आता इमारती बांधत असे, तिच्यासमोर हात जोडून म्हणाला होता, "सगुना, तू बोल. तुझा शब्द लागतो." तिला काही बोलायचे नव्हते. पण बायका सरकल्या, तिच्यासाठी जागा झाली, घंटेचा नाद अजून हवेत होता, आणि गळ्याला सवयच अशी की देवीसमोर उभे राहिले की काहीतरी निघायचे. "तो फासावर लटकंपर्यंत माझ्या गल्यातून धवला निघनार नाय," ती म्हणाली. कुणीतरी ते मोबाइलमध्ये घेतले. तेव्हापासून गावातल्या लग्नांना मोरा गावची गिरजाबाई येई. सगुणा मांडवात जाई, अक्षता टाकी, आणि गिरजाबाईने एखादी ओळ गाळली तर तिची जीभ मिटल्या तोंडात ती ओळ पुरी करून गप्प बसे. सुरुवातीला हे व्रत हलके वाटले होते. न गाणे म्हणजे काय, दुःखात कोण गाते? पण दुसऱ्या वर्षी लग्नसराई आली आणि तिला कळले की गळ्यातून जे निघत नाही ते कुठे जात नाही. ते छातीत पाण्यासारखे चढत राहते.

गीतांजलीचा फोन आला त्या दिवशी संध्याकाळी गावकी पुन्हा बसली. बायका मागे खांबाशी होत्या. सगुणाला मात्र पुढे खुर्ची दिली होती आणि त्या खुर्चीत तिला परक्या घरी आल्यासारखे अवघडून वाटत होते. "इंग्रज गेला कवाच," कुणीतरी म्हणाले, "आता ही गोरी लोका आमाला शिकवनार, कुनाला फाशी द्यायची नि कुनाला नाय?" "ठेवा म्हनावा तिकडंच. थंडीनं आपोआप कुल्फी होईल त्याची." हसू उसळले. धर्मराजाने हात वर केला. "ऐका. सरकारला लिवून देऊ द्या. सरकारनं आमालापन लिवून दिलेला का नाय? जमिनी घेतल्या तवा? घरटी एक नोकरी! बंडू, तुला मिलाली का नोकरी?" मागून बंडू ओरडला, "मिलाली ना! वाचमनची. माझ्याच शेताच्या गेटवर!" या वेळी हसणे लवकर थांबेना, म्हाताऱ्यांच्या डोळ्यांतून पाणी आले. "मंग?" धर्मराज म्हणाला. "सरकारचा कागुद पाळायसाठी नसतो. लिवून द्यायचा, पोराला आनायचा, आनि मंग टांगायचा. इथं आल्यावर कोन इचारतंय?" सभेला हे एकदम पटले. ज्यांच्या भाताच्या खाचरांवर शहर उभे राहिले होते त्या माणसांना मोडलेल्या शब्दाचे ज्ञान पिढीजात होते, आणि आज प्रथमच ते ज्ञान आपल्या बाजूने वापरता येत होते. शिवा उठला. दोन वर्षांत तो इतका ताठ उभा राहिलेला तिने पाहिला नव्हता. समोर धरलेल्या मोबाइलकडे बघून तो म्हणाला, "आना तर खरा त्याला. द्या लागंल तो शब्द. शब्द गेला खाडीत!" टाळ्या पडल्या. सगुणाही हसली असावी, कारण शेजारच्या सुनेने नंतर तिला तो व्हिडिओ दाखवला तेव्हा त्यात तिचे ओठ ताणलेले दिसत होते.

पुढच्याच आठवड्यात गीतांजली स्वतः घरी आली. चप्पल काढता काढताच बोलू लागली. "काका, हे काय केलंत तुम्ही?" शिवा खुर्ची पुढे करत म्हणाला, "काय केला? चा घ्या आधी." "चहा नको. तुमचा व्हिडिओ तिकडच्या कोर्टात दाखवला निशांतच्या वकिलाने. आणि काकूंच्या शपथेचासुद्धा, दोन्ही जोडून, खाली भाषांतर टाकून. तो म्हणतोय, यांचं सरकार लिहून देतं आणि पाळत नाही, हे यांचेच लोक हसत हसत सांगतायत. आईने देवासमोर फाशीची शपथ घेतलीय. अशा ठिकाणी माझ्या अशिलाला कसं पाठवता?" शिवा खाली बसला. वरच्या मजल्यावर कुणीतरी पाट ओढला. "आता?" सगुणाने विचारले. "आता त्या कोर्टाला तुमचं म्हणणं ऐकायचंय, काकू. बेलापूरच्या सरकारी ऑफिसातून, व्हिडिओवर. ते शपथेबद्दल विचारणारच. सरकारी हमी तुमच्या बोलण्यावर अवलंबून नाही, ती सरकारची आहे. पण तिथल्या न्यायाधीशबाईंना विश्वास वाटला पाहिजे." शिवा पुटपुटला, "सांगंल ती. शपथ मागं घेतली म्हनून सांगंल. एकदा आला का बघू." "काका!" गीतांजलीचा आवाज चढला आणि मग तिने तो स्वतःच खाली आणला. "खोटं बोलायला मी सांगणार नाही. त्यांना कळतं."

सगुणा गीतांजलीच्या पायांकडे पाहत होती. सुचितासारखीच लांब बोटे. "गीता, मना एक सांग. सरकारचा हा शब्द मोडता येतो?" "नाही, काकू. आपल्या कायद्यातच तसं आहे. आणि मोडला तर उद्या कुठलाच देश आपल्याला माणूस देणार नाही. दुसऱ्या कुणाच्या मुलीचा खुनी तिकडे पळाला तर तो तिकडेच राहील." मग ती म्हणाली, "आणि खरं सांगू? इथे खटला चालला असता तरी फाशीच झाली असती असं नाही. जन्मठेप होते अशा केसमध्ये." शिवाने मान वर केली. "हे तू आमाला कवा सांगितलाव नाय." "सांगितलं होतं, काका. तुम्ही ऐकलं नव्हतंत."

दुसऱ्या दिवशी दुपारी सगुणा भरतीचे पाणी साठवणाऱ्या धारणतलावाच्या बांधावर जाऊन बसली. ओहोटी होती. खाडीचा चिखल उघडा पडला होता आणि त्याचा तो वास, ज्याला टॉवरमधली माणसे नाक दाबतात, तिच्या अंगाशी ओळखीचा होऊन आला. दूर रोहित पक्षी चिखलात माना घालून उभे होते. तिला पेंग आली असावी. कारण पलीकडचे टॉवर हळूहळू मिठाच्या राशी झाले, त्यांच्यामधून निशांत येत होता, आणि या वेळी त्याच्या गळ्यात दोर होता. दोराचे दुसरे टोक कुणाच्या हातात आहे ते तिला पाहायचे होते. दोर लांब होता, राशींना वळसे घालत येत होता, आणि शेवटी तो तिच्या तोंडात शिरत होता. तिने तोंड उघडले तर दोर सैल होणार होता. तिने तोंड मिटून धरले. त्याचे ओठ हलत होते, तो काहीतरी सांगत होता, ते दाराविषयीच होते हे तिला स्वप्नातही कळत होते. पण गळा आवळलेला असल्यामुळे आवाज तिच्यापर्यंत येत नव्हता. जागी झाली तेव्हा भरती लागली होती. तोंडाला कोरड होती. आपल्याला हा माणूस मेलेला कधीच दिसला नाही, असे तिच्या मनात आले. दोन वर्षांत एकदाही नाही. शपथ घेतली तेव्हाही नाही. दिसला तो नेहमी उभा, किल्ली फिरवताना. त्याला कुणीतरी एका लाकडी कठड्यात उभे करून विचारायला हवे होते की दार का ओढलेस, आणि ते विचारताना ती समोर बसलेली असायला हवी होती. तो खोटे सांगेल, रडेल, काहीच सांगणार नाही. पण प्रश्न त्याच्या कानांवर पडेल. त्या पांढऱ्या देशात त्याला हे कुणीही विचारणार नव्हते. आणि इथे, दोराखाली नेलेल्या माणसालाही एकदाच विचारता आले असते. ती मुलीसाठी रडत होती, की इतके दिवस जपलेल्या रागासाठी, हे तिला समजेना. आणि मग ती दुसऱ्या गोष्टीकडे वळली, जिच्याकडे वळायचे ती सकाळपासून टाळत होती: तो फासावर जाणार नसेल तर शपथ कधीच पुरी होणार नव्हती. देवीसमोर निघालेला शब्द सरकारी कागदासारखा तिला मोडता येणार नव्हता. गावाला येवो, शिवाला येवो, तिला येणार नव्हता. म्हणजे मरेपर्यंत तिचा गळा असाच. सासूने दिलेले, पुढच्या कुणा लेकीसुनेला द्यायचे सगळे धवले छातीत घेऊन ती जाळली जाणार. हा विचार तिने दोन-तीनदा, फोड चाचपावा तसा, चाचपून पाहिला. दुखला. पण नवल असे की तो तिला सहन होत होता.

रात्री जेवताना शिवा म्हणाला, "धर्मादादा म्हनतो, मागं घेतली म्हनायचा, देवीला नंतर कोंबडं देऊ." सगुणाने त्याच्या ताटात भाकरी वाढली. "मी मागं घेनार नाय." शिवाचा घास हातात राहिला. "मंग तो सुटंल गो!" "सुटनार नाय." "मंग काय सांगशील?" "हाय ते सांगीन." त्याने घास ताटात परत ठेवला. "मी काय ते खाडीत शब्द... लोका टाल्या वाजवीत होती," तो म्हणाला. "ठावं हाय मना," ती म्हणाली. "जेवा."

सुनावणीच्या दिवशी ती शिवाला म्हणाली की तुम्ही मोटारीकडे लक्ष ठेवा, आणि एकटीच रिक्षाने बेलापूरला गेली. गीतांजली दारात उभी होती. आतल्या थंड खोलीत भिंतीवर मोठा पडदा होता आणि समोर एक मायक्रोफोन. पडद्यावर एक दालन दिसत होते, तिच्या कल्पनेपेक्षा खूप साधे; पांढरे नव्हे, तपकिरी. मध्यभागी एक वयस्क बाई, चष्मा कपाळावर. बाजूला दुभाषी मुलगी, जिचे मराठी पुण्याचे वाटत होते. आणि कोपऱ्यात, काचेच्या आड, तो. त्याला दाखवतील असे तिला कुणी सांगितले नव्हते. केस वाढले होते, तो वाळला होता, टेबलावरच्या आपल्या हातांकडे बघत होता. सगुणाचा अंगठा आपोआप तर्जनीवर घासला गेला.

न्यायाधीशबाई बोलल्या आणि दुभाषी मुलगी म्हणाली, "तुम्ही देवासमोर एक शपथ घेतली होती. ती तुम्ही मागे घेतली आहे का?"

"नाही," सगुणा म्हणाली. शेजारी गीतांजलीने हातातले पेन खाली ठेवले. घरात, गावात ती जसे बोले तसे आज तिला बोलायचे नव्हते. सुचिता शाळेत शिकून आलेली भाषा तिच्याशी घरात बोले, त्या भाषेत तिने सावकाश एकेक शब्द पुढे ठेवला. "शपथ माझी आहे. मी ती पाळणार. मी लग्नात गाणारी बाई आहे. तो फासावर जाईपर्यंत गाणार नाही, असं मी म्हटलं होतं. तो फासावर जाणार नाही. म्हणून मी गाणार नाही. मरेपर्यंत. हे माझं माझ्याकडे राहील. गावातली माणसं हसली, कारण त्यांना दिलेले शब्द कुणी पाळले नाहीत. माझ्या नवऱ्याने तसं बोलायला नको होतं. सरकारने तुम्हाला जे लिहून दिलंय ते पाळावं, असं मी सांगते. त्याला मारू नये. त्याला इकडे पाठवा. मला त्याला समोर बसवून विचारायचंय की दार का ओढलंस."

तिचे बोलणे संपले तेव्हा पडद्यावरच्या त्या दालनात काहीच हलले नाही. न्यायाधीशबाई वाट पाहत होत्या, कारकून वाट पाहत होता. मुलगी अजून आपल्या कागदावर खाली बघत पहिले वाक्य जुळवत होती. ती मुलगी सोडली तर त्या सगळ्या माणसांत ते समजलेला एकच जण होता. काचेआडून त्याने मान वर केली होती. मग मुलगी बोलू लागली, आणि सगुणाचे शब्द एका अनोळखी भाषेत, अनोळखी चालीत, तिच्याशिवाय पुढे गेले. तेव्हा त्याने ते सगळे दुसऱ्यांदा ऐकले.